एक इंजिन, पाचशे फूट आणि समोर जुहूचा समुद्र

एका इंजिनाच्या छोट्या विमानाबद्दल लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं का? नाही येत. सेस्ना 172 घेतलं, तर वारा नसताना ते 1,000 फुटांवरून सुमारे दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. जमिनीला टेकायला सव्वा-दीड मिनिट लागतं. अट एकच: वेग 65 नॉटच्या (तासाला 65 सागरी मैलांच्या) आसपास धरून ठेवायचा. 172 एस या मॉडेलच्या हँडबुकात 68 दिलाय. आपल्या विमानाचा आकडा आपल्या हँडबुकात बघावा, क्लबातल्या कोणी सांगितला म्हणून पाठ करू नये.

इंजिन गेलं म्हणून माणसं सहसा मरत नाहीत, इंजिन गेल्यावर वेगही घालवला म्हणून मरतात. टेकऑफनंतर चढताना विमानाचं नाक वर असतं आणि वेग सत्तर-पंचाहत्तर नॉट. ताकद गेली की नाक तसंच वर राहतं आणि वेग काही सेकंदांत उतरू लागतो. नेमक्या त्याच वेळी पायलट अवाक् झालेला असतो आणि शरीर सांगतं ‘खेच, वर जा’. म्हणून पहिली कृती एकच, योक (हातातलं सुकाणू) पुढे. नाक क्षितिजाखाली, मग ट्रिम (नाक तिथेच टिकवणारं चक्र), आणि बाकी सगळं त्यानंतर.

आता जुहू. 1928 पासूनचा हा विमानतळ, आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरंच दिसतात. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले, त्यांचं पस मॉथ विमानही एकाच इंजिनाचं, म्हणजे हेच गणित त्यांच्याही डोक्यावर होतं. मुंबईत दुपारचा वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो, त्यामुळे 26 नंबरच्या रनवेवरून पश्चिमेला उडालं की लगेच खाली पाणी. इंजिन पाचशे फुटांवर गेलं, तर मागे रनवे दिसतो, पुढे फक्त समुद्र, आणि वळायचा मोह अनावर होतो.

तो मोह आकड्यांत मांडून बघू. वेग 70 नॉट आणि बँक (विमानाचा बाजूला कल) 30 अंश धरला, तर वळणाची त्रिज्या साधारण 230 मीटर येते. अर्धं वर्तुळ पुरं व्हायला 20 सेकंद लागतात आणि त्यात जवळपास 300 फूट जातात. एवढं करून तोंड रनवेकडे झालं, तरी आपण मधल्या रेषेपासून 460 मीटर बाजूला असतो. रेषेवर यायला आणखी चाळीसेक अंश वळायचं आणि मग उलटं सरळ करायचं. सुरुवातीचे भांबावलेले चार सेकंद वेगळेच. हात अगदी सफाईदार असला तरी पाचशे फूट इथेच संपले. बँक 45 अंश केला तर उंची कमी जाते खरी, पण स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो) 19 टक्क्यांनी वाढतो: जो 48 होता तो 57. आपला वेग एव्हाना 65 वर आलेला असेल, तर हातात आठ नॉट उरतात.

आणि वारा? 15 नॉटचा पश्चिम वारा आता पाठीवर आहे. जमिनीच्या हिशेबाने आपण 80 नॉटने धावतोय, सरळ पुढे उतरलो असतो तर 50 ने. खालची घरं सर्रकन मागे पळताना दिसतात, वेग जास्त झाला असं वाटतं, पायलट नाक वर ओढतो, रनवे रेषेत आणायला रडर (शेपटीचं सुकाणू) जास्त दाबतो, आणि आतला पंख स्टॉल होतो. त्या उंचीवरून स्पिन (गरगरत कोसळणं) सुधारत नाही.

म्हणून वळायचं की नाही हा निर्णय हवेत घ्यायचा नसतो. सुरक्षित उंचीवर, म्हणजे तीनएक हजार फुटांवर, सराव करावा: चढण्याच्या स्थितीतून थ्रॉटल मागे (ताकद बंद), चार सेकंद थांबा, मग 225 ते 240 अंशांचं वळण, आणि किती फूट गेले ते लिहून ठेवा. त्यात निम्मे आणखी मिळवा. तो आकडा टेकऑफआधी मोठ्याने बोलायचा: ‘याच्या खाली इंजिन गेलं तर सरळ समोर, डावी-उजवीकडे तीस अंशांत.’ बोलून दाखवणं बावळटपणाचं वाटतं, तरी बोलावं. भांबावलेल्या डोक्याला नवा विचार सुचत नाही, आधी बोललेलं आठवतं.

पूर्ण बंद पडलेल्या इंजिनापेक्षा मला अर्धवट चालणारं इंजिन जास्त धोक्याचं वाटतं. ते आशा दाखवतं. 1,800 आरपीएमवर विमान जेमतेम उंची धरतं, पायलट ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणतो, वाटेतली सगळी उतरण्याजोगी मैदानं सोडतो आणि शेवटी वस्तीच्या डोक्यावर उरलेली ताकदही जाते. मिळेल ती ताकद फक्त एका चांगल्या जागेच्या वर पोचायला वापरायची आणि ती आता जाईल असंच धरून चालायचं.

उंची असेल तर पुन्हा सुरू करून बघायचं. वेग धरला, जागा ठरवली, मग हात फिरतो: फ्युएल सिलेक्टर (टाकी निवडायची कळ), मिक्स्चर रिच (हवेत पेट्रोल जास्त), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), मॅग्नेटो (ठिणगी देणारे) दोन्ही, प्रायमर (सुरू करताना जादा पेट्रोल ढकलणारा पंप) बंद आहे का. पायपर चेरोकीत ‘दोन्ही टाक्या’ ही जागाच नसते, तिथे आधी टाकी बदलायची. कार्ब हीटला मुंबईत हसू नका. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि हवा प्रसरण पावताना तापमान 30 अंशांहून जास्त घसरू शकतं. बाहेर 28 अंश असोत, हवा दमट आणि थ्रॉटल कमी असेल तर आत बर्फ धरतो. हीट ओढल्यावर इंजिन आधी आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. घाबरून परत ढकलू नका, थांबा. पावसाळ्यातलं दुसरं दुखणं टाकीत उतरलेलं पाणी. प्रत्येक ड्रेनमधून (तळाच्या तोटीतून) नमुना काढायचा आणि तो उजेडात धरायचा. एव्हीगॅस 100 एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळं असतं. कपातलं सगळंच बिनरंगी दिसलं, तर ते निव्वळ पाणी असू शकतं, ‘स्वच्छ पेट्रोल’ समजून फसू नका.

जमिनीवर उतरायची वेळ आली, तर भांडुप-मुलुंडकडची मिठागरं वरून सपाट दिसतात, पण त्यांचे बांध चाकं अडकवतात, म्हणून बांधाला समांतर. पावसाळी भातखाचरात पुढचं चाक रुततं. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. खांब शोधा आणि दोन खांबांच्या मधे तार आहेच असं माना. या टप्प्यापासून विमान विम्याच्या कंपनीचं समजावं. 9 जी (स्वतःच्या वजनाच्या नऊपट) एवढा झटका पट्टा बांधलेला माणूस साधारण सोसतो. 40 नॉटवरून तेवढ्या झटक्यात थांबायला अडीच मीटर पुरतात, 60 वरून साडेपाच लागतात. पंख, चाकं, कुंपण, झुडपं, जे मोडेल ते मोडू द्या, फक्त केबिन सरळ आणि हळू जाऊन टेकली पाहिजे. त्याआधी मिक्स्चर बंद, फ्युएल बंद, मॅग्नेटो बंद, शक्य तितके फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर (विजेचा मुख्य स्विच) शेवटी बंद. दरवाजे लॅच सोडून उघडे, नाहीतर सांगाडा वाकल्यावर अडकतात. खांद्याचा पट्टा कचकचून.

रेडिओवर आणीबाणीची 121.5 ही फ्रिक्वेन्सी किंवा ज्या टॉवरशी बोलताय त्याचीच, तीनदा मेडे (संकटाची हाक), जागा, माणसं किती. ट्रान्सपाँडरवर (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा कोड 7700. पाचशे फुटांवर यातलं काही जमलं नाही तरी चालतं, विमान उडवणं सोडून बोलू नका.

आणि समोर समुद्रच असेल तर? चाकं कायम खालीच असलेलं विमान पाण्याला लागलं की बरेचदा नाकावर उलटतं. लाटांच्या रांगांना समांतर उतरायचं, सोसाट्याचा वारा असेल तरच वाऱ्याकडे तोंड. पाण्यावरची उंची डोळ्यांना कळत नाही, म्हणून शेवटी फ्लेअर करत (टेकण्याआधी नाक उचलत) बसू नका, विमान सपाट आणि हळूहळू खाली जात राहू द्या. लाइफ जॅकेट अंगात घातलेलं, पण फुगवायचं बाहेर पडल्यावरच. आत फुगवलं आणि विमान उलटलं, तर तेच माणसाला दारापासून वर उचलून धरतं. हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, आणि सोडण्याआधी दुसरा हात दाराच्या चौकटीवर. अंधारात, उलटं टांगलेलं असताना, दार कुठे हे फक्त तो हात सांगतो.

मुंबईचं पाणी गार नाही, ही जमेची बाजू. जवळ बोट दिसली तर तिच्या शेजारी, थोडं पुढे उतरावं, तिच्या जाळ्यांवर नाही. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, नेमकी समुद्र खवळलेला असताना बोटी नसतात. पावसाळ्यात पाण्यावरून उडणार असाल तर जॅकेट सीटखाली नको, अंगावरच हवं. ईएलटी (अपघाताचा सिग्नल देणारा ट्रान्समीटर) पाण्याखाली गेला की त्याचा सिग्नल पोचत नाही, म्हणून शक्य असेल तर त्याचा स्विच हवेत असतानाच चालू करावा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यात तटरक्षक दलाचा नंबर आधीच साठवलेला: 1554. माणसं तरंगत्या पंखाजवळ एकत्र राहावीत, किनारा जवळ वाटला तरी ओहोटीत एकेकट्याने पोहत निघू नये.