तुम्ही विचारलंत म्हणून: रॉकची ओळख कोणत्या चित्रपटापासून करून घ्यावी?

मी रॉक संगीत आवडीने ऐकतो हे ठाऊक असलेली, पण स्वतः नाट्यगीते आणि जुनी चित्रपटगीते ऐकण्यात रमणारी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात: या संगीतावरचा एखादा माहितीपट किंवा कार्यक्रमाचे चित्रण पाहायचे झाले, तर सुरुवात कशापासून करावी? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सुरुवात ‘स्टॉप मेकिंग सेन्स’पासून करावी. टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडने डिसेंबर १९८३ मध्ये हॉलीवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये केलेल्या कार्यक्रमांचे हे चित्रण जॉनथन डेमी याने दिग्दर्शित केले असून ते १९८४ मध्ये प्रदर्शित झाले. त्यात मुलाखती नाहीत, निवेदक नाही, बँडचा इतिहास नाही, आणि नवख्या माणसाला तो सुचवण्याचे पहिले कारण हेच आहे.

सुरुवातीला रंगमंच जवळजवळ उघडाबोडका असतो. पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली पावले चालत पुढे येतात, बाजूला टेपरेकॉर्डर ठेवला जातो आणि बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटाच गिटारवर गाऊ लागतो. ठेका त्या टेपमधून येतो असे भासवले आहे. प्रत्यक्षात तो ड्रम मशीनचा आहे. गाण्याच्या अखेरीस त्या ठेक्यात मध्येच धडाधड आघात होतात आणि बर्न गोळी लागल्यासारखा झोकांड्या खातो. दुसऱ्या गाण्याला टीना वेमथ बास गिटार घेऊन येते. काळ्या कपड्यांतले कामगार ड्रमचा चौथरा सर्वांसमक्ष ढकलत आणतात आणि तिसऱ्या गाण्याला ख्रिस फ्रँट्झ त्यावर बसतो. चौथ्याला गिटारवादक जेरी हॅरिसन येतो. ‘बर्निंग डाउन द हाउस’ हे गाणे सुरू होईपर्यंत कीबोर्ड, तालवाद्ये, आणखी एक गिटार आणि दोन गायिका असा भरगच्च ताफा उभा राहिलेला असतो. ज्यांना रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो, त्यांना येथे एकेक वाद्य सुटे भेटते, आणि मग सगळे मिळून वाजू लागले तरी प्रत्येकाचा आवाज कान आपोआप वेगळा काढू लागतो. अवाढव्य खांद्यांचा तो प्रसिद्ध कोट, ज्याची कल्पना बर्नला जपानच्या नो नाट्यावरून सुचली, तो शेवटाकडे येतो आणि बहुतेकांच्या लक्षात तोच राहतो. मला मात्र त्यापेक्षा एका घरगुती उभ्या दिव्याबरोबर केलेला त्याचा नाच अधिक आवडतो. दिवा कलतो, आता पडणार असे वाटते, आणि बर्न तो अलगद सावरतो.

असे चित्रपट मी एकाच गोष्टीवरून जोखतो: कॅमेरा कोणाकडे आणि किती वेळ पाहतो. दर दोन-तीन सेकंदांनी किंचाळणाऱ्या चाहत्यांकडे वळणारे चित्रण मला सहन होत नाही. डेमीने प्रेक्षकांना जवळजवळ शेवटपर्यंत दूर ठेवले आहे. मात्र याच्या नेमके उलट करूनही उत्तम चित्रण होऊ शकते, हे डी. ए. पेनेबेकरच्या ‘माँटेरे पॉप’मध्ये दिसते. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या महोत्सवाचा हा चित्रपट संपतो तो पंडित रविशंकरांच्या सतारीवर, आणि तबल्याला उस्ताद अल्लारखाँ आहेत. हा भाग चांगला पंधरा मिनिटांहून मोठा आहे, पण त्यात बराच वेळ वादक दिसतच नाहीत. दिसतात ते ऐकणारे, डुलणारे, पेंगुळलेले चेहरे, ज्यांत गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही आहे. मग कॅमेरा बोटांवर येतो आणि सतार-तबल्याची लय चढत जाऊन सारे मैदान उठून उभे राहते. याच चित्रपटात हेंड्रिक्स स्वतःची गिटार पेटवतो. वाद्याला नमस्कार करून ते हाती घेण्याच्या शिस्तीत वाढलेल्या रविशंकरांना तो प्रकार मुळीच रुचला नव्हता, आणि या बाबतीत मी रॉकचा चाहता असूनही त्यांच्याच बाजूचा आहे.

मार्टिन स्कोर्सेसीचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ अनेकांना सर्वश्रेष्ठ वाटतो. ‘द बँड’ याच नावाच्या बँडचा १९७६ चा सॅन फ्रान्सिस्कोमधला निरोपाचा कार्यक्रम त्यात अतिशय देखणा टिपला आहे आणि ब्लूज गायक मडी वॉटर्सचे गाणे तर चुकवू नये असे आहे. तथापि मधल्या मुलाखतींत बँडचा गिटारवादक रॉबी रॉबर्टसनला इतके झुकते माप मिळाले आहे की ड्रमवादक लेव्हॉन हेल्मची त्याबद्दलची नाराजी मला रास्त वाटते.

‘गिमी शेल्टर’ मात्र सुरुवातीला पाहू नये. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडच्या १९६९ च्या अमेरिका दौऱ्याचा हा चित्रपट मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांनी केला. ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँट येथील मोफत कार्यक्रमात रंगमंच बुटका होता, गर्दी लाखोंची होती आणि रंगमंच राखायला हेल्स एंजल्स ही मोटारसायकलस्वारांची टोळी उभी होती. त्यांच्यापैकी एकाने मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला रंगमंचासमोर भोसकले. चित्रपटकर्त्यांनी ती रिळे संकलनाच्या टेबलावर स्टोन्सचा गायक मिक जॅगरला दाखवली आणि त्याचे पाहणेही चित्रित केले. फिल्म मागे घेऊन संथ गतीने पुन्हा चालवली जाते, आणि शेजारच्या मुलीच्या विणलेल्या झग्याच्या पार्श्वभूमीवर हंटरच्या हातातले पिस्तूल आणि मागून येणारा सुरा क्षणभर स्पष्ट दिसतात. जॅगर फारसे बोलत नाही, आणि चित्रपटही त्याला बोलते करत नाही. एखाद्या निवेदकाने येथे साठच्या दशकाच्या अंतावर भाषण ठोकले असते.

तेव्हा आधी ‘स्टॉप मेकिंग सेन्स’, तोही मोबाइलच्या स्पीकरवर नव्हे, निदान बऱ्या हेडफोनवर. मग ‘माँटेरे पॉप’, आणि रॉकची थोडी सवय झाली की ‘गिमी शेल्टर’. १९६९ च्या त्याच नावाच्या महोत्सवावरचा तीन तासांचा ‘वुडस्टॉक’ हप्त्याहप्त्याने पाहिला तरी चालेल.