डिस्क वेगवान, तरी डेटाबेस संथ का?

चिकोडी-हुक्केरीच्या पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्यांच्या ऊसबिलांच्या डेटाबेसवर ताण येतो आणि ‘नव्या एसएसडी (वेगवान डिस्क) घेऊया’ ही मागणी पुढे येते. खर्चाला हात घालण्यापूर्वी व्हॉल्यूम, म्हणजे स्टोरेजच्या जागेचे पाडलेले भाग, कसे आखले आहेत ते पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

स्टोरेजमधला प्रत्येक व्हॉल्यूम सर्व्हरला स्वतंत्र ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे जणू वेगळी डिस्क, म्हणून दिसतो. सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणाऱ्या फायबर चॅनेलवर अशा प्रत्येक डिव्हाइसची वेगळी रांग असते आणि तिच्यातून एका वेळी किती रिक्वेस्ट (वाचण्या-लिहिण्याच्या मागण्या) पुढे सोडायच्या, याची मर्यादा बऱ्याच ड्रायव्हरमध्ये ३२ किंवा ६४ असते. मर्यादा ३२ असेल आणि प्रत्येक रिक्वेस्टला एक मिलिसेकंद लागत असेल, तर त्या व्हॉल्यूमवरून सेकंदाला ३२,००० हून अधिक रिक्वेस्ट जाऊच शकत नाहीत, मग मागे कितीही एसएसडी असोत. आवारात एकच वजनकाटा असला, की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते, तसेच हे आहे. तोच डेटा चार व्हॉल्यूमवर एलव्हीएम या लिनक्समधल्या व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या सोयीने स्ट्राइप करून, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी विभागून, ठेवला, तर चार रांगा मिळतात.

एका कारखान्यात शेती खात्याची बिले निघत असताना मी डिस्कवरचा भार दाखवणारे आयओस्टॅट लावून बसलो होतो. सर्व्हरवर ‘अवेट’चा, म्हणजे एका रिक्वेस्टला लागणाऱ्या सरासरी वेळेचा, आकडा वाढत चालला होता आणि स्टोरेजच्या पॅनेलवर मात्र प्रतिसादाचा वेळ एका मिलिसेकंदाच्या आत होता. ‘अवेट’मध्ये रांगेत थांबण्याचा वेळही धरलेला असतो, त्यामुळे अडथळा स्टोरेजच्या अलीकडे आहे, हे तिथेच स्पष्ट झाले. ‘युटिल’, म्हणजे डिव्हाइस कामात असल्याचे प्रमाण, शंभर टक्के दिसले, तरी एसएसडी किंवा रेडच्या (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीच्या) बाबतीत त्यावरून डिव्हाइसची क्षमता संपली, असा निष्कर्ष काढू नये. ते एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळतात.

रेडची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. रेड ५ वर एक छोटे लेखन करायचे, तर जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (डिस्क बिघडल्यास डेटा परत मिळवण्यासाठीची माहिती) वाचून दोन्ही नव्याने लिहावी लागतात, म्हणजे चार क्रिया होतात. रेड १० मध्ये, म्हणजे डेटाच्या दोन प्रती ठेवण्याच्या पद्धतीत, दोनच. कंट्रोलरची कॅश (तात्पुरती साठवण) हा फरक काही काळ झाकते, पण बिलांच्या दिवशी ती भरली, की तो उघडा पडतो.

जुन्या सर्व्हरची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) नव्या डिस्कवर उतरवली असेल, तर पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागाची, सुरुवातही तपासावी. ती ६३ व्या सेक्टरपासून (५१२ बाइटच्या तुकड्यापासून) असेल, तर ४ केबीचे प्रत्येक लेखन डिस्कच्या ४ केबीच्या दोन भौतिक ब्लॉकांवर पडते. २०४८ पासून असेल, तर ही अडचण राहत नाही.