चार बोटं मोकळी जागा

बूट काढणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक खाली वाकते, लेस सोडते, बुटाची जीभ पुढे ओढते आणि मग पाय बाहेर काढते. दुसरी उभ्याउभ्याच एका बुटाचं टोक दुसऱ्या बुटाच्या टाचेवर दाबते आणि पाय ओढून घेते. शाळेच्या काळ्या बुटावर हे रोज होतं. त्याच्या टाचेत, अस्तर आणि वरच्या थराच्या मध्ये, एक ताठ तुकडा बसवलेला असतो. तो मोडला की बूट टाचेला धरत नाही, मोजा आत गोळा होतो, टाचेच्या वर फोड येतो. मग फोड दुखतो म्हणून बूट चपलेसारखा तुडवत घालायचा आणि उरलासुरला ताठपणाही घालवायचा. अशी माणसं पुढे सामानाचं खोकं कात्रीने उघडत नाहीत, फाडतात.

गणवेश सगळ्यांना सारखं दिसण्यासाठी असतो. रंग ठरलेला, कापड ठरलेलं, पट्टाही ठरलेला. तरी नियम संपतो तिथे चार बोटं जागा उरतेच. मोजा कुठवर ओढायचा, टायची गाठ किती वर घ्यायची, बाही किती दुमडायची, हे कुणी मोजत नाही आणि माणूस नेमका तिथे सापडतो.

लेसचंच बघा. एकच मुलगा सारखा वाकून लेस बांधताना दिसतो. त्याला वेंधळा म्हणून मोकळं होता येतं, पण बहुतेकदा दोष गाठीचा असतो. बांधल्यावर लेसचं फूल बुटावर आडवं बसलं तर गाठ सरळ, आणि वळून बोटांकडून घोट्याकडे उभं झालं तर उलटी. उलटी गाठ लवकर सुटते. उपाय अगदी छोटा आहे: पहिली अढी नेहमीच्या उलट बाजूने घ्यायची, पुढचं फूल सवयीप्रमाणेच. 2017 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी धावणाऱ्या बुटाचं अतिवेगवान चित्रण करून लेस का सुटते ते शोधलं. पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गाठ जराशी सैलावते आणि पाय झुलतो तेव्हा लेसची मोकळी टोकं तिला ओढतात. नुसतं आपटून किंवा नुसते पाय हलवून गाठ सुटली नाही, दोन्ही एकत्र लागलं. तर तो मुलगा वेंधळा नव्हता, त्याला लहानपणी एक अढी उलटी शिकवली गेली होती इतकंच. मात्र पन्नाशीतही तीच अढी घालून चिडणारे लोक आहेत, आणि तो स्वभावच म्हणायचा. गाठ दरवेळी सुटते, दरवेळी आणखी आवळून बांधतात, पण वेगळी बांधून बघत नाहीत.

टायवाले याहून सरळ. वर्षाच्या सुरुवातीला कुणाकडून तरी एकदा गाठ घालून घ्यायची, मग रोज सैल करून डोक्यातून काढायची आणि खुंटीला लावायची. चांगल्या टायचं कापड 45 अंशांत तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे ताणलं तरी ते परत जागेवर येतं. गाठ महिनोन्‌महिने तशीच राहिली की ती लवचिकता जाते आणि मानेजवळ कायमची चुणी पडते. शाळेचा टाय बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो हे सगळं निमूट सोसतो. चालतंय ना, मग हात लावू नका, हे धोरण तिथेच पक्कं होतं.

बटण तुटतं तेव्हा मात्र माणसं खरी वेगळी होतात. कुणी ते उचलून कंपासपेटीत टाकतं. कुणी सेफ्टी पिन लावतं आणि ती पिन वार्षिक परीक्षेपर्यंत टिकते. कुणी टाय त्यावरून सारतं आणि दिवसभर सरळ बसतं. खरं तर काम पाच मिनिटांचं. दुहेरी दोरा घ्यायचा, चार भोकांच्या बटणाच्या प्रत्येक जोडीतून तीन-चार टाके घालायचे, टाके घालताना बटणावर आगकाडी आडवी धरायची. मग काडी काढून बटण वर ओढायचं आणि खालच्या दोऱ्याभोवती चार-पाच वेढे द्यायचे. या वेढ्यांनी बटणाला मान येते. मान नसली तर काजाच्या पट्टीची जाडी बटणाखाली मावत नाही, सगळी ओढ दोऱ्यावर येते आणि तेच बटण पुन्हा तुटतं. बऱ्याच शर्टांच्या आतल्या शिवणीला एक जादा बटण लावलेलं असतं. ते अनेकांना शर्टाचं फडकं करताना दिसतं.

इथवर येऊन एक शंका घ्यायला हवी. शर्टाची कॉलर पांढरीशुभ्र आहे, यावरून मुलाबद्दल नेमकं काय कळतं? बहुतेकदा एवढंच, की घरी कुणीतरी ती धुण्याआधी साबण लावून घासतं. पँटच्या तळाशी पाच-सहा सेंटिमीटर दुमड आत ठेवून शिवणं, मूल वाढलं की ती सोडणं, हा मुलाचा स्वभाव नव्हे. सोडलेल्या दुमडीची रेघ पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं करून ओल्या फडक्याखाली इस्त्री केली तर बरीच जाते. पण भोवतालचा रंग विटलेला असेल तर रेघ राहतेच. आणि ही रेघ दिसते म्हणून कोणतं मूल चालताना पाय मागे घेतं, कोणतं घेत नाही, तेवढं मात्र त्याचं स्वतःचं.

कपडे माणूस घडवतात, याचे पुरावेही जपूनच घ्यावेत. 2012 साली एक प्रयोग गाजला होता. डॉक्टरांचा म्हणून सांगितलेला पांढरा कोट घातला की लोक जास्त लक्ष देऊन काम करतात, असा त्याचा निष्कर्ष. पुढे दुसऱ्या संशोधकांनी त्यातला एक भाग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम काही दिसला नाही.

तरीही मूल पहिल्यांदा स्वतः इस्त्री करतं तेव्हा बघत बसावं. रीत अशी की आधी कॉलर, टोकांकडून मध्याकडे, म्हणजे टोकाला चुणी पडत नाही. मग खांदा, बाह्या, आणि पाठ-पोट शेवटी. नवशिके पाठीपासून सुरू करतात, कारण तिथे इस्त्री झरझर फिरते आणि काम झाल्यासारखं वाटतं. कॉलरपर्यंत पोचेस्तोवर पाठ पुन्हा चुरगळलेली असते. काही हुशार मुलं फक्त कॉलर आणि छातीची पट्टी करतात, वरून स्वेटर चढवतात आणि निघतात. दुपारी वर्गात उकडायला लागतं, सगळे स्वेटर काढतात, आणि ही आपली घाम पुसत म्हणतात, मला नाही गरम होत.