आमची वाटचाल: रजिस्टरापासून इंट्रानेटपर्यंत

मूर्तिजापूर तालुक्यात आमची डाळ मिल आहे. फाटकाशी वजनकाटा, मध्ये ऑफिस, मागे गोदाम. काटापावती, ओलाव्याचा आकडा, कोणता लॉट मिलवर चढला ही माहिती आधी रजिस्टरातून फिरायची, पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे फोटो लगेच पोचतो, पण जानेवारीत आलेल्या तुरीचा लॉट पावसाळ्यात शोधायला बसा! म्हणून मिलपुरतं इंट्रानेट, म्हणजे फक्त मिलच्या आतल्या नेटवर्कवर उघडणारी साइट, उभारलं. बाहेरचं नेट गेलं तरी ते चालू राहतं.

सर्व्हर म्हणून जुना डेस्कटॉप चालतो. ८ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी भरपूर झाली. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), पानं दाखवणारं अपाची, त्याच्या जोडीला पीएचपी, आणि ज्यात आम्ही पानं लिहितो ती डोकुविकी. डोकुविकीला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, त्यामुळे नवख्यालाही सांभाळता येतं. बसवून झाल्यावर डोकुविकीची इन्स्टॉलची फाइल काढून टाकायची. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता बांधून द्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, नाहीतर लाईन जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि काट्यावरचा माणूस ‘साइट उघडत नाही’ म्हणून ओरडतो.

एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांनी आधीच पाहावी. डोकुविकी पानाच्या नावातलं देवनागरी अक्षर फाइलच्या नावात नऊ चिन्हांनी लिहिते, आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाते. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे पंचविसेक अक्षरांत नाव संपलं. सेटिंगमध्ये फाइलनावाची पद्धत यूटीएफ-८ (देवनागरी अक्षर जसंच्या तसं ठेवणारी) करावी, पण पहिलं पान लिहिण्याआधीच. नंतर बदलली तर देवनागरी नावांची जुनी पानं सापडत नाहीत.

खरी मेहनत तारेत आहे. नेटवर्कची कॅट-६ केबल पूर्ण तांब्याचीच घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण वाकवली की तुटते. क्रिम्प करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना, तारांचा क्रम असा: नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली तार नीट बसली नाही तर जोडणी चालते, पण १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर, आणि कारण कुणाला कळत नाही. मोटरच्या केबलला समांतर ओढू नये, फूटभर अंतर ठेवावं. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

काटा किंवा गोदाम १०० मीटरच्या पलीकडे असेल तर तांबं सोडून फायबर (काचेची तार) आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर साध्या केबलला जोडणारी डबी. आमच्या मते उघड्यावरच्या तारेला त्याहून कमी अंतरातही फायबरच बरं. मृगाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून लाट येते आणि नेटवर्क स्विचचे (सगळ्या केबल जिथे जोडतात त्या डबीचे) पोर्ट जळतात. काचेतून वीज वाहत नाही. मात्र आत लोखंडी तार नसलेलीच फायबर मागावी.

यूपीएसवर सर्व्हर ठेवतात आणि राउटर-स्विच विसरतात. तिन्ही त्यावरच हवेत. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईन आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी. मिल रात्री बंद ठेवत असाल तर रात्री दोनचा बॅकअप कधीच होणार नाही. दुपारच्या जेवणाची वेळ लावावी. डाळीचा भुसा पंख्यात साचतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की तेवढ्याने मशीन बंद पडतं, म्हणून महिन्याला ब्लोअर मारावा.

मोबाइलचं वेगळंच. वाय-फायवर नेट नसलं की फोन परस्पर मोबाइल डेटावर जातो आणि पान उघडत नाही. ‘नेट नसलं तरी जोडलेलं राहू द्या’ हे एकदा निवडावं लागतं. गेस्ट वाय-फायवरून तर बहुधा सर्व्हर दिसतच नाही.

बॅकअपमध्ये डोकुविकीचे डेटा (पानं) आणि कॉन्फ (सेटिंग) हे दोन फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावेत, आणि तूर यायच्या आधी ते दुसऱ्या एखाद्या मशीनवर टाकून पानं उघडतात का ते बघून घ्यावं.