नाव बरोबर, सेटिंग दुसऱ्याचं: पतसंस्थेच्या पावत्यांचा माझा अनुभव

खानापूर भागातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सर्व्हर बेळगावात, शाखांतले क्लार्क रिमोट डेस्कटॉपवरून त्यावर येतात. पावती छापते ती मागे चालणारी विंडोज सर्व्हिस. विनंती आली की ती तेवढ्यापुरती त्या क्लार्कला इम्पर्सोनेट करते, म्हणजे त्याच्या नावाने काम करते, आणि त्याची भाषा, त्याचा प्रिंटर त्याच्या रजिस्ट्रीतून (विंडोज जिथे सेटिंग ठेवतं तिथून) वाचते. आपल्याकडे हे लागतंच. एका काउंटरला मराठी पावती, शेजारच्याला कन्नड.

तक्रार आली की एखाद्या दिवशी सगळ्याच पावत्या कन्नडमध्ये निघतात, एखाद्या दिवशी सगळ्या मराठीत. मी शाखेत गेलो तेव्हा जांबोटीकडच्या एक आजी पावती डोळ्यांजवळ धरून उभ्या होत्या. "बाळा, माझे पैसे जमा झाले का नाही, तेवढं सांग." पिग्मीचे 200 रुपये. झाले म्हणून सांगितलं तरी त्या हलेनात, आणि का हलावं? पावती ज्याची त्याला वाचता आलीच पाहिजे. आदल्या दिवशी हीच पाळी एका कन्नड गिऱ्हाइकावर आली होती.

मी इम्पर्सोनेशनवरच संशय धरला आणि लॉगमध्ये दरवेळी युजरचं नाव छापलं. नाव अचूक! यात दोन दिवस गेले. मग प्रोसेस मॉनिटर लावला, म्हणजे कुठला प्रोग्राम रजिस्ट्रीत काय वाचतो ते दाखवणारं साधन. विनंती 1107 ने संपणाऱ्या एसआयडीची (विंडोजमधला युजरचा ओळख क्रमांक), वाचली जाणारी रजिस्ट्री-की (रजिस्ट्रीतला कप्पा) मात्र 1104 ची.

एचके-करंट-युजर, म्हणजे रजिस्ट्रीतली 'सध्याचा युजर' ही की, प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्राममध्ये) पहिल्यांदा वापरली जाते, तेव्हा ती वापरणारा थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) ज्याच्या नावाने चालू असेल त्याच्या रजिस्ट्रीशी ती जोडली जाते. ही जोडणी अख्ख्या प्रोसेससाठी टिकते. पुढे थ्रेडचा युजर बदलला तरी ती बदलत नाही. म्हणजे रोज सकाळी सर्व्हिस रिस्टार्ट झाल्यावर पहिली पावती ज्याची, दिवसभर भाषा त्याची.

आमच्या कोडमध्ये त्या जागी रेग-ओपन-करंट-युजर हे फंक्शन घातलं, ते थ्रेडच्या त्या वेळच्या युजरची की उघडतं, आणि काम झालं की ती उघडलेली की (तिचं हँडल) बंद. रिपोर्टची लायब्ररी (दुसऱ्यांचा तयार कोड) आमची नव्हती, तीही तीच की वाचायची. तिच्यासाठी सर्व्हिस सुरू होतानाच रेग-डिसेबल-प्रीडिफाइन्ड-कॅश, म्हणजे ती जोडणी टिकवून ठेवणंच बंद. तरी एक पावती चुकलीच. आम्हीच केलेल्या कॅशमध्ये (पुन्हा वाचावं लागू नये म्हणून जवळ ठेवलेल्या प्रतीत) सेटिंग नुसत्या सेटिंगच्या नावाने ठेवलेलं होतं, ते आता एसआयडीसकट ठेवतो. रात्रीच्या व्याजाच्या कामात क्लार्क लॉगऑफ असतो, त्याचं प्रोफाइल (त्याची रजिस्ट्री ज्यात असते ते) लोड नसतं, त्यामुळे डिफॉल्ट सेटिंग मिळायचं. तिथे आधी लोड-युजर-प्रोफाइल आणि शेवटी अनलोड.

मग सर्व्हिस रिस्टार्ट करून आधी कन्नड काउंटरची पावती काढली, मग मराठी. पुन्हा रिस्टार्ट करून उलट्या क्रमाने. चारही पावत्या टेबलावर मांडल्या आणि दोन्ही क्लार्कांनी आपापल्या मोठ्याने वाचून दाखवल्या.