बाबांचा स्टेंट, आत्याची बाटली आणि ताटातलं मीठ

लिंबू, आलं, लसूण यांचा रस, त्यात ॲपल सायडर व्हिनेगर, सगळं मंद आचेवर आटवायचं, गार झालं की मध घालायचा आणि रोज उपाशीपोटी तीन चमचे, की हार्टचे सगळे ब्लॉकेज साफ. हा फॉरवर्ड तुम्हाला आलेला नाही असं होणंच शक्य नाही. बाबांची ॲन्जिओप्लास्टी झाली तेव्हा मला तो घरच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला आणि शेवटी आत्या तर बाटलीच भरून घेऊन आली. दुसरा असतो पिंपळाच्या पानांच्या काढ्याचा, का तर म्हणे पान हृदयाच्या आकाराचं असतं. त्या हिशोबाने दर दिवाळीला मेंदूसारखे दिसणारे अक्रोड वाटणारी आमची सोसायटीची कमिटी एव्हाना हुशार व्हायला हवी होती, पण असो.

आता मी काही आयुर्वेदाच्या विरोधात वगैरे नाहीये. आमच्याकडे अर्जुनसाल, म्हणजे हृदयासाठी घेतात ती अर्जुनाच्या झाडाची साल, आजोबांपासून आहे. क्षीरपाक करायचा म्हणजे सालीची भरड, दूध आणि दुधाच्या चौपट पाणी एकत्र उकळत ठेवायचं आणि पाणी आटून फक्त दूध उरलं की गाळून प्यायचं, रंग साधारण फिक्या चहासारखा येतो आणि चव तुरट, बाबा नाक मुरडत पण पितात. अर्जुनावर आपल्याकडे अभ्यासही झालेत, छातीत दुखण्याचा त्रास थोडा कमी होतो असं काहींमध्ये दिसलंय, पण ते बहुतेक छोटे अभ्यास आहेत आणि सालीने ब्लॉकेज उघडतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. आमच्या वैद्यबाईंनी तर पहिलंच वाक्य हे टाकलं, की क्षीरपाक घ्यायचा तर घ्या पण हार्टच्या डॉक्टरांना सांगून घ्या आणि त्यांची एकही गोळी बंद करायची नाही. मला त्या तिथेच आवडल्या.

कारण आत्याचं म्हणणं नेमकं उलटं होतं. "दादा, काढा सुरू केलास ना की हळूहळू गोळ्या सोड, किडनी जाते त्याने." अहो, स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी, तिच्यावर आतलं अस्तर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून ॲस्पिरिन आणि त्यासोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर देतात, साधारण सहा महिने ते वर्षभर दोन्ही, पुढे बहुतेकांना एक कायम. मधेच कोणाला न विचारता सोडली तर स्टेंटच बंद पडून सरळ मोठा ॲटॅक येऊ शकतो. आणि गंमत म्हणजे त्या बाटलीतल्या लसणानेही रक्त थोडं पातळ होतं, म्हणजे भाजीतल्या चार पाकळ्यांनी काही होत नाही पण रोज तीन चमचे आटवलेला रस आणि वर ह्या गोळ्या, म्हणजे हिरड्यातून नाहीतर पोटातून रक्त यायची शक्यता वाढते. हे फॉरवर्डमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. दुधीचा रस घ्या. हृदयाला चांगला म्हणून सकाळी बागेबाहेर ग्लासावर ग्लास विकला जातो, आणि २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एकाचा मृत्यू झाला होता, त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, समिती नेमली. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, उलट्या, रक्ताची जुलाब, बीपी एकदम खाली. भाजी करताना कडू लागला तर आपण टाकून देतो, पण रस मात्र "औषध आहे, कडूच असणार" म्हणून डोळे मिटून पितो! ज्येष्ठमधाचंही तसंच, खोकल्याला दोन दिवस चघळला तर ठीक, रोज घेतला तर बीपी वाढवतो आणि पोटॅशियम कमी करतो.

मग काय करायचं? २००४ साली इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास आला, त्यात दिसलं की पहिल्या ॲटॅकचा जवळपास ९० टक्के धोका नऊच गोष्टींत आहे: तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, डायबेटिस, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी, व्यायाम नाही, आणि दारू. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक इतरांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं लवकर आलेला. ह्यातलं काय रहस्य आहे सांगा? पण आपल्याला काहीतरी "घ्या" म्हटलेलं आवडतं, "सोडा" म्हटलेलं नाही. बाबांचे एक मित्र रोज न चुकता अर्जुनारिष्ट (अर्जुनसालीचंच बाटलीतलं औषध) घेतात आणि ते घेऊन झालं की तंबाखू मळायला बसतात.

आमच्याकडे खरी लढाई मिठाची झाली. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. आई म्हणाली एवढंसं तर आपण खातोच, जास्त कुठे. म्हणून एकदा तिने सकाळी वाटीत दोघांचं मिळून दोन चमचे मीठ काढून ठेवलं आणि सगळं त्यातूनच घालायचं ठरवलं. कणकेत चिमूट, आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत, भातात, बाबांच्या ताकात, आणि दुपारच्या जेवणालाच वाटी खडखडीत! लोणचं, पापड, चटणी, चहाबरोबरची खारी तर हिशोबात धरलीच नव्हती. मग काकू म्हणाली सैंधव वापर, ते नैसर्गिक. बाई गं, तेही बहुतेक सोडियम क्लोराईडच, वर आयोडीन नसतं ते वेगळंच. पोटॅशियमवालं लो सोडियम मीठ बीपीला खरंच उपयोगी आहे, चीनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवरच्या अभ्यासात स्ट्रोक कमी झाले, २०२१ ची गोष्ट, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणायचं नाही. बाबांना डॉक्टर नाहीच म्हणाले. शेवटी कणकेतलं मीठ गेलं, लोणचं रविवारी एक फोड, आणि लिंबू-कोथिंबीर-जिरेपूड सढळ. पहिले काही दिवस बाबा "हॉस्पिटलचं जेवण" म्हणत होते, आता बाहेरचं त्यांनाच खारट लागतं.

"विना ऑपरेशन ब्लॉकेज उघडा" अशा जाहिराती करणारे हमखास डीन ऑर्निश ह्या अमेरिकन डॉक्टरचं नाव घेतात. त्याचा १९९० चा अभ्यास खराच आहे, पण आकडे बघा: जवळजवळ बिनतेलाचा शाकाहार, व्यायाम, ध्यान, सिगरेट बंद, असं वर्षभर कडक केल्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा अरुंदपणा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आला, आणि तोही पन्नासहून कमी लोकांच्या अभ्यासात. हे सगळं न करणाऱ्या दुसऱ्या गटात तो वाढला, त्यामुळे हे चांगलंच आहे, पण नळ मोकळा व्हावा तसं काही नाही. योगाचंही असंच. आपल्याकडे २४ हॉस्पिटल्समध्ये ॲटॅक येऊन गेलेल्या जवळपास चार हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२० ला निकाल छापून आला, त्यात पुन्हा ॲटॅक किंवा मृत्यू कमी झाले असं ठामपणे म्हणता आलं नाही, पण योग करणाऱ्यांना बरं वाटत होतं आणि ते आधीच्या कामांना लवकर लागले. मला तर हे पुरेसं वाटतं. बाबा श्वासाचे प्रकार आणि शवासन करतात, संध्याकाळी चालतात, आणि रात्री मालिका संपायच्या आत झोपतात, जे ह्या घरात कधीच झालं नव्हतं.

आत्याची बाटली अजून फ्रीजच्या दारात आहे, टाकली तर तिला वाईट वाटेल.

एक मात्र सांगते, घरगुती उपाय सगळ्यात महागात पडतो तो "गॅस झाला असेल" ह्या वेळी. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, आणि आपण देतो काय तर ओवा, सोडा, हिंगाचं पाणी, वर पाठ चोळणं. बायकांना आणि शुगरवाल्यांना तर कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून जायला होतं. अशा वेळी १०८ ला फोन करा किंवा जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे न्या, पेशंटला स्वतः गाडी चालवू देऊ नका. गॅसच निघाला तर निघाला, डॉक्टर हसतील फार तर.