उशीर झाला का हो, ताई?

हस्तलिखितं वाचणं हा माझा धंदा आहे. प्रकाशकाकडे आलेल्या फायली घरी आणायच्या, वाचायच्या आणि बहुतेकांवर 'साभार परत' असा शेरा मारायचा. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत म्हणा, सोसायटीच्या जिन्यात म्हणा, कोणीतरी मला गाठतंच. गेल्या महिन्यात वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आले. पिशवीतून स्पायरल बाइंडिंगची फाइल अर्धी वर काढली, परत आत ढकलली आणि म्हणाले, "ताई, एकसष्टी झाली. कादंबरी लिहायला उशीर झाला का हो?"

या प्रश्नाला मी नेहमी दोन इटालियन माणसं पुढे करते. ऐकणारा खूश होऊन जातो, कारण मी गोष्ट अर्धीच सांगते. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आज पुरती सांगते.

पहिला ज्युझेप्पे तोमासी दि लाम्पेदूसा. जन्म १८९६, पालेर्मो. सिसिलीच्या जुन्या सरदार घराण्यातला, किताबाने प्रिन्स. पहिल्या महायुद्धात लढला, ऑस्ट्रियनांच्या कैदेत पडला, तिथून निसटला. पुढे पोटासाठी असं काहीच केलं नाही. वाचलं मात्र चिकार. चामड्याच्या पिशवीत पुस्तकं आणि पेस्ट्री कोंबून शहरातल्या कॅफेंमध्ये तासन्‌तास बसायचा. ज्या खोलीत जन्मलो तिथेच मरायचं, एवढं त्याने धरून ठेवलं होतं. एप्रिल १९४३मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बनी तो वाडाच जमीनदोस्त केला.

आणि त्याने लिहायला का घेतलं? ईर्ष्येने! लूचो पिक्कोलो नावाचा त्याचा मावसभाऊ कविता करायचा. त्याने आपलं छोटं पुस्तक कवी माँतालेला पोस्टाने धाडलं, तेही तिकिटं कमी लावून. माँतालेला पदरचे १८० लिरा भरावे लागले. एवढे पैसे गेलेच आहेत तर वाचू तरी, म्हणून त्याने ते उघडलं आणि आवडलं. १९५४मध्ये सान पेल्लेग्रीनोच्या साहित्यमेळाव्यात त्याने पिक्कोलोला सगळ्यांपुढे आणलं. सोबतीला गेलेला लाम्पेदूसा हे बघून परतला. लूचोपेक्षा मी काही जास्त मूर्ख नाही, हे गणिताइतकं पक्कं होतं, म्हणून टेबलाशी बसलो, असं त्याने पुढे एका मित्राला कळवलं. तेव्हा तो अठ्ठावन्नच्या घरात होता.

वह्यांमध्ये, बॉलपेनने, बराचसा कॅफेत बसून लिहिलेला तो 'इल गात्तोपार्दो', इंग्रजीतला 'द लेपर्ड'. इटली एक करायला निघालेला सेनानी गारिबाल्दी १८६०मध्ये सिसिलीत उतरतो आणि डॉन फ्रान्चेस्को हा सरदार बघत राहतो... चुकले, डॉन फाब्रीत्सियो. (नावं डोक्यात ठेवणं माझ्याने कधी जमलं नाही, आणि मी हस्तलिखितातल्या चुका काढते!) हा फाब्रीत्सियो लेखकाच्या खगोलशास्त्री पणजोबांवर बेतलेला. त्यातलं एक जेवण मी दर वर्षी पुन्हा वाचते. उन्हाळ्यातल्या मुक्कामी गावकरी पाहुणे ताटावर बसलेत. राजधानीच्या फॅशनीप्रमाणे आधी मिळमिळीत सूप पुढे येणार, या धास्तीत आहेत. तेवढ्यात नोकर चांदीच्या ताटांतून कवचात भाजलेला मॅकरोनीचा भलामोठा पदार्थ आणतात. सुरीने खरपूस कवच फोडलं की आधी साखर-दालचिनीचा वास येतो. मग आतून वाफाळत कोंबडीची काळिजं, उकडलेली अंडी, हॅम, आणि त्या सगळ्यात गुरफटलेली मॅकरोनी. सत्ता हातातून सुटत चाललेल्या घराची श्रीमंती त्याने एका पदार्थात दाखवून टाकली. हे लिहायला आयुष्यभर जेवलेलं असावं लागतं, आणि आयुष्यभर वाचलेलंही.

आता मी गाळते तो भाग. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने पुस्तक परत केलं. मग एनाउदीनेही केलं. दोन्हीकडे नकार देणारा माणूस एकच, लेखक-संपादक एलिओ व्हित्तोरीनी. दुसरं पत्र जुलै १९५७मध्ये पोचलं, तेव्हा लाम्पेदूसा रोममध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने शेवटच्या टप्प्यात होता. त्याच महिन्याच्या २३ तारखेला तो गेला. मागे लिहून ठेवलं होतं की पुस्तक छापून यावं म्हणून शक्य ते सगळं करा, पण घरच्या पैशांनी छापू नका, त्यात मला मोठा अपमान वाटेल. शेवटी एक प्रत कादंबरीकार ज्योर्ज्यो बास्सानीच्या हाती लागली आणि फेल्त्रिनेल्ली या प्रकाशनाने ते नोव्हेंबर १९५८मध्ये काढलं. दुसऱ्या वर्षी इटलीतला मानाचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला.

व्हित्तोरीनीला शिव्या घालणं सोपं आहे. मी घालत नाही, कारण त्याच खुर्चीवर मी बसते. तोही सिसिलीचाच, रेल्वे कामगाराचा मुलगा. युद्धानंतरच्या इटलीत त्याला नवं लिखाण हवं होतं, आणि समोर आला एका प्रिन्सने लिहिलेला प्रिन्सचा विलाप. लेखिका नाताल्या गिन्झबुर्गचंही तसंच. तिच्या नवऱ्याला जर्मनांनी रोमच्या तुरुंगात छळून मारलं. तरी एनाउदीत काम करताना १९४७मध्ये प्रीमो लेव्हीचं आउशविट्झच्या नाझी छळछावणीवरचं पुस्तक परत पाठवणाऱ्यांत तीही होती. एका छोट्या प्रकाशकाने ते काढलं, अडीच हजार प्रती. एनाउदीने स्वतः छापलं ते अकरा वर्षांनी. चांगली, दुखावलेली, हुशार माणसंसुद्धा चुकतात. हे आठवलं की फाइल बंद करताना माझा हात जरा थांबतो, आणि मग बहुतेक वेळा बंद करतोच.

दुसरा इतालो स्व्हेवो. खरं नाव एत्तोरे श्मित्झ, त्रिएस्ते शहरातला, बँकेतला कारकून. याला घरच्या पैशांचा अपमान वगैरे वाटत नव्हता. १८९२मध्ये आणि १८९८मध्ये त्याने दोन कादंबऱ्या पदरमोड करून छापल्या. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग साहित्य हे हास्यास्पद आणि घातक खूळ असल्याचं स्वतःच्या डायरीत नोंदवून तो सासऱ्यांच्या कारखान्यात शिरला. तिथे जहाजांच्या तळाला लावायचा रंग बनायचा. धंदा इंग्लंडपर्यंत गेला, इंग्रजी शिकणं आलं, म्हणून १९०७मध्ये शिकवणी लावली. मास्तर होता पंचविशीतला जेम्स जॉइस, पुढे 'युलिसिस' लिहिणारा. विद्यार्थ्याने भीत भीत त्या दोन जुन्या कादंबऱ्या मास्तरच्या हातात ठेवल्या, आणि मास्तरने त्या मनापासून वाखाणल्या. तरीही तिसरी कादंबरी 'ला कोशेन्त्सा दि झेनो' यायला १९२३ उजाडलं. तेव्हा स्व्हेवो एकसष्ट वर्षांचा होता, तुमच्याच वयाचा. तेही पुस्तक स्वखर्चानेच. इटलीत पुन्हा सामसूम. जॉइसने पॅरिसमधल्या समीक्षकांकडे ते पाठवायला लावलं, इकडे माँतालेने १९२५मध्ये लेख लिहिला (हो, तिकिटांचे पैसे भरणारा तोच माँताले), तेव्हा कुठे नाव झालं. १९२८मध्ये मोटार अपघातात तो गेला. म्हणजे कौतुक मिळालं ते जेमतेम तीन वर्षं.

झेनो हा सिगारेट सोडू बघणारा माणूस. शब्दकोशाच्या शीर्षकपानावर छान अक्षरात लिहितो: २ फेब्रुवारी १८८६, आज कायदा सोडून रसायनशास्त्राकडे वळतो, शेवटची सिगारेट! मग प्रत्येक नव्या तारखेला आणखी एक शेवटची. ती पानं वाचताना मी एकटीच खो खो हसले होते, आणि मग आमच्या घरातल्या एका माणसाची आठवण येऊन गप्प झाले.

काका, दोघांकडे तुमच्याकडे नसलेली एक गोष्ट होती, पैसा. लिहिण्यावर चूल पेटायची नव्हती. पण तुम्हाला पेन्शन आहे, तेव्हा तोही मुद्दा फारसा उरत नाही.

तुमची फाइल मी वाचली. पहिली चाळीस पानं तुमच्या बालपणाची आहेत, ती काढा. एक्केचाळिसाव्या पानावर रात्री सबस्टेशनमध्ये एकटा असलेला ऑपरेटर तालुक्याला वीज देणारा फीडर बंद करतो आणि खिडकीतून एकेक गाव काळं होताना मोजतो. तिथे मी पेन्सिलने 'इथून सुरू' असं लिहिलंय. परत पाठवतेय खरी, पण शेरा मारलेला नाही.